राखणीला ठेवलेला आवाज

परवा शाळेतून घरी येताना चौकात कडब्याची ट्रॉली अडकली होती. मागे रिक्षा, टेम्पो, दुचाक्या, सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू. त्या गोंधळात एक बाई स्कूटरवरून उतरली आणि कडब्याला गाल टेकवून स्वतःचा फोटो काढून घेऊ लागली. खाली ‘गावाकडची ओढ’ असं काहीतरी लिहिणार असेल. मला अशी तिडीक आली म्हणून सांगू! त्या बिचारीची काही चूक नव्हती. पण कडब्याचा तो कोरडा, गोडसर, जरासा धुळकट वास नाकात शिरला आणि गेल्या वर्षीचा माघ महिना डोक्यात जाऊन बसला. लोकांना कडब्याच्या वासानं गाव आठवतं, आई आठवते. मला माझा आणि माझ्या नवऱ्याचा मूर्खपणा आठवतो.

आमचे हे मूळचे खर्ड्याकडच्या एका लहानशा गावातले. रान काळं, पाऊस लहरी, आणि हिवाळ्याचं मुख्य पीक एकच, शाळू. शाळू म्हणजे आपली थंडीतली ज्वारी. माझं माहेर संगमनेरकडचं, प्रवरेच्या काठचं. आमच्याकडे ऊस, घास, पाटाचं पाणी. ज्वारी विकत आणायची. मी लग्नानंतरच्या पहिल्याच माघात सासरी रानात उभी राहिले तेव्हा मला कळलं की इकडे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. पहाटे दव असतं, ताटं लवचीक असतात, भेगाळलेली भुई जरा सैल सोडते, तेवढ्या वेळात वाकायचं आणि उपटत सुटायचं. मी आपली कणसाच्या खाली धरून ओढतेय आणि ताट मधूनच कडाकडा मोडतंय. थोरले दीर, म्हणजे दादा, शेजारच्या पाथेवर, म्हणजे उपटायच्या ओळीवर, होते. धाकट्या भावजयीशी थेट बोलायची रीत नव्हती. मी दोन हातांवर उभी, आणि ते आपल्या बायकोला सांगतायत, “अगं, तिला म्हणावं खाली धर. मुळापाशी. वर धरून उपटायला ते काय केसं हायेत का?” अक्का, माझ्या जाऊबाई, हसून हसून खाली बसल्या. आठ दिवसांत माझे तळवे फोडांनी भरले आणि रात्री भाकरी मोडताना डोळ्यांतून पाणी यायचं. तरी सांगते, त्या आठ दिवसांइतकी गाढ झोप मला पुन्हा कधी लागली नाही.

दादा ह्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, दादांनी सातवीतून शाळा सोडली आणि औत धरलं, म्हणून हे शिकले, नगरला सरकारी कचेरीत चिकटले, आम्ही इथलेच झालो. हे काही मी उपकाराची यादी वाचत नाही. दादांनीही कधी वाचली नाही. पण ह्या दोघा भावांचं बोलणं म्हणजे एक प्रकरण होतं. दादा तसे घुमे. अक्कांशी दिवसभरात दहा वाक्यं. पण हे गावी गेले की बांधावर बसून दोघांच्या गप्पा सुरू व्हायच्या त्या बैल घरी यायची वेळ झाली तरी संपायच्या नाहीत. विषय काय? कुणाची विहीर, कुणाची सून, लहानपणी कुठल्या चिंचेवरून कोण पडलं. तीच चिंच, तेच पडणं, दरवर्षी.

मग हे निवृत्त झाले, पाठोपाठ ह्यांच्या हृदयात स्टेंट बसली, आणि डॉक्टर म्हणाले दगदग नको. झालं! ‘दगदग नको’ हे दोन शब्द ह्यांनी असे पकडले की विचारू नका. सकाळी चहा झाला की सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बैठक. हातात मोबाईल. आणि बघतात काय, तर गावाकडचे व्हिडिओ. कोणीतरी म्हातारी चुलीवर वांगं भाजतेय, वीस मिनिटं. कोणीतरी मोट चालवून दाखवतोय. कोणीतरी बांधावर बसून कांदा फोडून भाकरी खातोय, मागे बासरी. हे बघतात, मान डोलवतात, कधी डोळे पुसतात, आणि खाली टाईप करतात, ‘गाव ते गावच!’ मी स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, तुमचं स्वतःचं गाव तीन तासांवर आहे. एसटी जाते.” तर म्हणायचे, “ऊन फार आहे गं. आणि गुडघा.” काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी रोज डोळ्यांनी बघत होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर दादांचा फोन यायचा बंद झाला. आधी आठवड्यातून दोनदा यायचा. आता आम्ही केला तर अक्का उचलायच्या. “झोपल्यात.” “देवळात गेल्यात.” “रानात हायेत, मागनं सांगते त्यास्नी.” पहिले काही दिवस ह्यांनी विचारलं, आला का दादा, द्या त्याच्याकडे. मग मार्गशीर्षाच्या मध्यावर एकदा अक्कांनी रानातूनच फोन उचलला आणि मागून दादांचा आवाज आला. “हाऽऽ हाऽऽ! हुर्र्र! ऊठ, ऊठ तुझ्या मायला!” कणसात दाणा भरायला लागला की पाखरांचे थवे उतरतात, त्यांना हाकलायची ती आरोळी. पाठोपाठ एक खोकला. ह्यांचा चेहरा काय फुलला! फोन माझ्या कानाला लावला. “ऐकलंस? सत्तरी आली, पण आवाज बघ. नाहीतर आम्ही!” त्यानंतर दर फोनला तो आवाज यायचा, आणि तो आला की ह्यांचं समाधान व्हायचं. एकदा तर अक्कांना म्हणाले, “वहिनी, दादाला खोकला दिसतोय. आडुळसा द्या उकळून.” पलीकडून अक्का एवढंच म्हणाल्या, “देते.”

प्रत्येक फोनच्या शेवटी त्या विचारायच्या, “तुमी कवा येताय?” आणि आम्ही म्हणायचो, “येऊ की!” हे ‘येऊ की’ काय भयंकर असतं! त्यात नाही म्हणण्याचा वाईटपणा नाही आणि येण्याची दगदगही नाही.

आता मी सगळं खापर ह्यांच्यावर फोडतेय असं वाटेल. फोडतेच आहे. पण माझंही ऐका. त्याच दिवसांत मी संध्याकाळी एक मालिका बघत होते. रोज, न चुकता, पोळ्या आधी लाटून ठेवून. त्यात सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येतो, वाचा जाते, आणि मुलं आपापल्या व्यापात. काय रडले मी! शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी त्यावर चर्चा केली, आजकालची मुलं कशी कोरडी आहेत म्हणून. आणि त्याच संध्याकाळी अक्कांचा फोन आला होता, तो मी जाहिराती लागेपर्यंत उचलला नव्हता.

माघ निम्मा झाला. एका रविवारी मी कपाटं आवरत होते आणि हे सोफ्यावरून म्हणाले, “ए, इकडे ये, बघ. ज्वारी उपटतायत. काय सुंदर टिपलंय!” मी जाऊन बघितलं. कुठलं तरी रान, कुणीतरी माणसं, वरून फिरणारा कॅमेरा. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि माझं डोकं फिरलं. “अहो, तुमची ज्वारी उभी आहे! तुमची! तुमचा सख्खा भाऊ ती उपटतोय, आणि तुम्ही परक्याच्या ज्वारीवर रडताय? लाज नाही वाटत?” हे म्हणाले, “दुरून बघितलं तरी आनंदच आहे ना.” मी म्हणाले, “दुरून डोंगर साजरे, ज्वारी नाही!” मग मी भिंतीवरचा तो इंटरनेटचा डबा काढला, वायरीसकट पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिले. म्हटलं, आता जिथे हा डबा जाईल तिथे तुम्ही याल. हे आधी चिडले, मग मला वेडी म्हणाले, मग गोळ्यांची डबी शोधायला लागले. शाळेत आठ दिवसांची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जामखेडच्या गाडीत होतो.

जामखेडहून काळीपिवळी जीप, आणि फाट्यापासून पाणंदीनं चालत. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच शाळू, पानं वाळत आलेली, वाऱ्यानं खसखस वाजणारी. आणि लांबून तो आवाज आला. “हाऽऽ हाऽऽ! हुर्र्र!” ह्यांची पावलं एकदम झपाझप पडायला लागली. गुडघा कुठे गेला कोण जाणे. दोन्ही हात तोंडापाशी नेऊन हे ओरडले, “दादाऽऽ! ए दादाऽऽ! आलो रेऽऽ!” तिकडून उत्तर आलं, “ऊठ, ऊठ तुझ्या मायला!” हे खदाखदा हसले. “मला पाखरू समजला की काय!” पुन्हा हाक मारली. “अरे मी बबन! बबन आलोय!” पुन्हा “हाऽऽ हाऽऽ!” आणि खोकला. तिसऱ्या हाकेला पुन्हा तेच, तेवढंच, आणि खोकला त्याच जागी. मी चाळीस मुलांचं पाठांतर ऐकणारी बाई. शब्दन् शब्द तोच कसा, हे मला खटकलं, पण तोवर आम्ही पाणंदीच्या बाहेर आलो होतो.

रानाच्या मधोमध एक बांबू रोवला होता. त्याला एक लहानसा भोंगा बांधलेला, खाली बॅटरी. आवाज त्यातून येत होता. आसपास माणूस नाही. पलीकडे बांधावरच्या लिंबाखाली बाज टाकलेली, आणि तिच्यावर उशीला टेकून दादा बसलेले. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा ठेवलेला. तोंडाची एक बाजू जराशी ओघळलेली. ते आमच्याकडे बघत होते. भावाच्या हाका त्यांनी सगळ्या ऐकल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि बाहेर काही येत नव्हतं. ह्यांनी भोंग्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं, परत भोंग्याकडे बघितलं. आणि मग हे ढेकळांतून धडपडत धावले.

अक्का पेंढ्या टाकून आल्या. त्यांनी सांगितलं, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी दादांच्या अंगावरून वारं गेलं होतं, अर्धांगाचा झटका. पाय महिन्याभरात थोडा सुधारला, हात नाही, वाचा नाही. सासरी असलेल्या मुली येऊन बघून गेल्या होत्या. “आणि आम्हाला सांगितलं नाहीत?” मी जवळजवळ किंचाळलेच. “मुलींना कळवलंत, आम्ही काय परके?” अक्का म्हणाल्या, “ह्यांनीच हातानं खुणावलं, सांगू नगं म्हून. भाऊजींच्या काळजात ती स्प्रिंग बसवल्याली. धसका घ्यायचे.” मी म्हणाले, “आणि तो भोंगा?” “त्यो आदल्या वर्साचा. बाजारातनं आनला, ह्यांनीच आवाज भरला. औंदा ह्यास्नी वरडवत न्हाई, मग लावला त्योच.” मी परत तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. “बाई, एक सांगू? मी लपवलं, खरं हाय. पर गेल्या दोन महिन्यांत तुमच्यातल्या येकानं तरी म्हनलं का, फोन त्यांच्या हातात द्या म्हून?”

नव्हतं म्हटलं. आवाज येत होता ना! आवाज आला की माणूस आहे, ठणठणीत आहे, आपल्याला जायचं कारण नाही. हिशेब पुरा. पाखरं फसत असतील त्या भोंग्याला, पण तीसुद्धा चार दिवसच फसतात, असं अक्का म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्या बांबूवरच बसायला लागतात. आम्ही दोन शिकलेली माणसं दोन महिने फसलो, कारण फसणं सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी दादांना जामखेडला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, वाचा यायची असेल तर पहिल्या काही महिन्यांत जास्त येते. समोर बसून बोलत राहावं लागतं, त्यांना बोलतं करावं लागतं. नंतर येतच नाही असं नाही, पण वेग कमी होतो. मग त्यांनी अक्कांना विचारलं, घरात त्यांच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं? अक्कांनी ह्यांच्याकडे बोट केलं. मला वाटतं, त्या बोटाइतकं जोरात ह्यांना आयुष्यात कुणी मारलं नसेल. परतीच्या जीपमध्ये हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी समजूत घातली नाही. मला राग आला होता, आणि तो निम्मा स्वतःवरचा होता, त्यामुळे कुठे काढावा कळत नव्हतं.

तिथून पुढचे दिवस मी विसरणार नाही. पहाटे थंडी अशी की बोटं वळायची नाहीत. दवानं साडीचा काठ ओला, त्याला काळी माती चिकटलेली. ताटांची पातळ पानं गालाला, मानेला चरचरत जायची आणि उन्हाच्या पहिल्या तिरपीबरोबर अंगभर खाज सुटायची. कुठल्या व्हिडिओत ही खाज असते? कंबरेचा तो अमुक एक मणका, जो नवव्या की दहाव्या मिनिटाला बोलायला लागतो, तो कुठल्या बासरीच्या मागे ऐकू येतो? आणि तरीही दहा वाजता झाडाखाली बसून अक्कांच्या हातची भाकरी आणि ठेचा खाताना जे वाटायचं, तेही व्हिडिओत नसतं. त्याला भूक लागावी लागते.

बाज आम्ही रोज पाथेच्या बरोबर पुढे सरकवत न्यायचो, दादांना दिसावं म्हणून. हे उपटता उपटता बोलायचे. चिंचेचं पुराण, विहिरीचं पुराण, सगळं. मध्येच थांबून दादांकडे बघायचे, ते काही म्हणतील म्हणून. दादा फक्त बघायचे. तिसऱ्या दिवशी ह्यांचे हात सोलवटले होते आणि कंबर वाकेना, म्हणून हे ताटं अर्ध्यातून धरून ओढायला लागले. एक मोडलं. दुसरं मोडलं. तिसरं कडकन मोडलं आणि कणीस मातीत पडलं.

“मुडद्या!”

आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो. स्वच्छ, खणखणीत, जोडाक्षरासकट. दादा स्वतःच दचकले होते. डावा हात हवेत तसाच. हे हळूच म्हणाले, “काय म्हणालास?” दादांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले, आणि पुन्हा, “मुडद्या!” अक्का मटकन खाली बसल्या आणि रडत रडत हसायला लागल्या. आणि हे महाशय, सेवानिवृत्त, स्टेंट बसवलेले, दगदग वर्ज्य असलेले, त्यांनी काय करावं? मुद्दाम चौथं ताट वरून धरलं आणि मोडलं. त्या सकाळी आमची वीसेक ताटं मोडली असतील. चांगल्या पिकाची नासाडी मला सहन होत नाही, पण त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही.

इथे गोष्ट गोड करून थांबवता आली असती. मालिकेवाल्यांनी थांबवली असती. पण वर्ष गेलं, आणि आज दादांकडे मोजून सहा-सात शब्द आहेत. मुडद्या, पानी, न्हाई, चल, आणि दोन असे की शाळेतल्या बाईनं लिहू नयेत. ‘बबन’ अजून आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात प्रयत्न चालू ठेवा. ते आणखी काही म्हणत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. बैल गेला आणि झोपा केला, असं मी एकदा ह्यांना रागाच्या भरात म्हणाले. म्हणायला नको होतं. पण खोटं नव्हतं.

हे आता महिन्यातले वीस दिवस तिकडेच असतात. संक्रांतीपासून तर नगरला आलेलेच नाहीत. मी शनिवारची शाळा सुटली की एसटीत बसते. मालिका सोडली. एकदम पुण्यवान झाले असं समजू नका. हात अधूनमधून मोबाईलकडे जातोच, जांभई आल्यासारखा. पण तो जातो तेव्हा मला कळतं, एवढं झालंय.

गेल्या रविवारी पहाटे पुन्हा तेच रान, पुन्हा उपटणी. दादा आता काठी टेकत पाथेपर्यंत येतात. हे त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते, हातात उपटलेलं ताट, आणि का कोण जाणे, वर्षभर जे दाबलं होतं ते त्या वेळी बाहेर आलं. “दादा, मी यायला पाहिजे होतं रे. मी तिथं बसून लोकांची गावं बघत होतो. तू इथं… मी एकदा जरी आलो असतो…” आणि हुंदके. मीही ताट सोडलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं ते बरं झालं, बोलून मोकळे होऊ दे. दादांनी डावा हात उचलला. मला वाटलं आता ते भावाच्या डोक्यावर ठेवतील. त्यांनी तो ह्यांच्या तोंडावर ठेवला, चांगला दाबून ठेवला. मग पुढच्या ओळीकडे मान वळवून म्हणाले, “चल.”

हे बसूनच होते. मीही तशीच उभी. तेव्हा मागून अक्का आल्या, कंबरेवर हात, माझ्या दोन पाथा पुढे जाऊन परत आलेल्या. “भाऊजी, बाई, दव वाळाय लागलं,” त्या म्हणाल्या. “आधी जवारी उपटा. रडायला आख्खी दुपार हाय.”